कोपऱ्यावरची हाक

१४ सप्टेंबर

दादा,

नमस्कार वगैरे लिहीत नाही. समोर असतास तर मान फिरवली असतीस. कागदावरच्या नमस्काराला तेवढेही कष्ट पडत नाहीत, तेव्हा तो राहू दे.

मी पोचले. "पोचलीस की कळव" असं तू म्हणाला नव्हतास, पण मी कळवते. तू तसं काहीच म्हणाला नव्हतास. मी पिशव्या घेऊन दुकानाच्या दारात उभी, आणि तू टेबलावर वाकून काचेवर कटरने रेघ मारतोयस, एकाच जागी दोनदा. बाबा असते तर कान उपटला असता. एका रेघेवर दुसरी रेघ मारायची नाही, कटर मरतो, हे तूच मला शिकवलंस. मी बघितलं होतं, पण तेव्हा बोलले नाही. आता बोलते, कारण इथून तुझा हात माझ्या कानापर्यंत पोचत नाही.

वसतिगृहाची खोली दोघींची आहे. दुसरी मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि अशी बारीक की सगळे तिला सुतळी म्हणतात. माझ्याच वर्गात आहे आणि झोपेत रसायनशास्त्राची सूत्रं पुटपुटते. स्वभावाने चांगली आहे, पण तिला घरून रोज फोन येतो. फोन आला की मी उगाच बाहेर जाऊन पाण्याची बाटली भरून आणते. बाटली बहुतेक वेळा भरलेलीच असते.

आता माझी फजिती ऐक. आपल्या घरात कुणीही कोपरा वळताना "काच" म्हणून ओरडतो, हातात काच असो नसो. आई तर पोळ्यांचा डबा घेऊन येतानाही ओरडते. आपल्याला ते श्वास घेण्यासारखं झालंय. इथं पहिल्याच दिवशी मी वर्ग शोधत लांबलचक वऱ्हांड्यातून चालले होते. वळण आलं आणि मी ओरडले, "काच". पलीकडून येणारी सगळी पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली. मी हात हलवत रिकामी आले. एक जण म्हणाला, "कुठाय?" मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "काच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून माझं नाव काच पडलंय. सगळं कॉलेज त्याच नावाने ओळखतं. घरच्यासारखं पाचर म्हणणारं मात्र इथं कुणी नाही.

आई म्हणते, मोठ्या काचांची कामं तू परत पाठवतोस. दुसऱ्या टोकाला धरायला माणूस नाही म्हणतोस. माणसं काय कमी आहेत? एखादा धर की. माझ्यावर खापर फोडायला जागा राहावी म्हणून धंदा खाली बसवू नकोस.

आणि टेबलावरचा दिवा बदल. आई दोन वर्षं सांगतेय.

तुझी
पाचर


७ ऑक्टोबर

दादा,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. पण टपालाच्या पेटीपाशी गेले होते हे खरं.

आज मी असा प्रताप केलाय की तू सुद्धा हसशील. म्हणजे हसलास तरी मला दिसणार नाही, तेव्हा हसून घे.

आमची जीवशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. उत्तरेला भिंतभर एकच खिडकी, मध्ये दांडी नाही, जोड नाही, अखंड काच. बाबांनी अशी खिडकी बघून टोपी काढली असती. मी सकाळी सगळ्यांच्या आधी जाते, कारण खोलीत बसून सुतळीच्या फोनची बोलणी ऐकण्यापेक्षा ते बरं. आज गेले तर टेबलावर ट्रेमध्ये काचपट्ट्या मांडलेल्या. बोटाएवढ्या, पातळ, कडा सुरेख घासलेल्या. आणि प्रत्येकीवर डाग. कुठं निळा, कुठं जांभळा, कुठं नुसता ओशट. आपल्याला घाण काच बघवत नाही, तुला माहीतच आहे. मी साबण घेतला, ओढणीचं टोक घेतलं, आणि एकूण एक पट्टी अशी लखलखीत केली की काच आहे की नाही ते कळू नये. ओळीने वाळत लावल्या. मनात म्हटलं, मॅडम खूश होतील.

वर्ग भरला, मॅडम आल्या. ट्रेकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

ते डाग म्हणजे डाग नव्हते रे. कांद्याचं साल, गालाच्या आतली कातडी, तळ्यातल्या पाण्यातले जीव. मॅडमनी आणि प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी दोन दिवस राबून रंग देऊन तयार केलेले. सगळ्या वर्गाचं प्रात्यक्षिक मी नळाखाली सोडून दिलं.

मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, मी काचवाल्यांची आहे. डाग दिसला की हात जातो." वर्ग फुटला हसून. मला वाटलं, आता पिशव्या भराव्या लागणार. मॅडमना पण हसू आलं असावं, पण त्यांनी ते गिळलं. म्हणाल्या, "रोज तास संपल्यावर इथं यायचं. जेवढ्या पुसल्यास तेवढ्या तयार करून द्यायच्या. माझ्याशेजारी बसून."

शिक्षा म्हणूनच सांगितलं त्यांनी. मी मान खाली घालून हो म्हटलं. खरं सांगू? आत कुठंतरी बरं वाटलं. संध्याकाळी कुठं बसायचं हा प्रश्न सुटला.

पाचर


२६ ऑक्टोबर

दादा,

शिक्षा अजून चालू आहे. खरं तर पट्ट्या कधीच पुऱ्या झाल्या, पण मॅडम थांब म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सूक्ष्मदर्शकातून बघणं वाटतं तितकं सोपं नाही. पहिले काही दिवस मला माझ्याच पापण्या दिसत होत्या. नवखा माणूस एक डोळा मिटून दुसऱ्याने बघतो, त्याने डोकं दुखतं. मॅडम म्हणतात, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एका डोळ्याने बघायचं, दुसऱ्याला नुसतं उघडं राहू द्यायचं, तो आपोआप गप्प बसायला शिकतो. ते जमायला मला बरेच दिवस लागले. आता जमलंय. एकदा जमलं की जन्मभर जात नाही म्हणे, पोहण्यासारखं.

आपण काय करतो? काच अशी करायची की कुणाला ती दिसू नये, पलीकडचं दिसावं. मी जन्मभर काचेच्या आरपार बघितलं. काचेवर काय आहे ते बघायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कांद्याच्या सालात विटा रचल्यासारख्या खोल्या असतात, प्रत्येक खोलीत एक ठिपका. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मॅडमना हाक मारायची सोडून "दादा" म्हणाले. मॅडमनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आठवतं, मी लहानपणी बाबांना विचारायची, रेघ मारून काच तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती रेघेवर का मोडत नाही, भलतीकडेच का फुटते? बाबा म्हणायचे, "रेघ मारली की लगेच मोडायची. ठेवली की काच मनमानी करते." का, विचारलं की म्हणायचे, "असंच असतं." पुढं विचारलं की कानाखाली. तोच प्रश्न मी इथं पदार्थविज्ञानाच्या सरांना भर वर्गात विचारला. विचारताना हात आपोआप कानावर गेला. सरांनी विचार केला आणि म्हणाले, "मला नक्की माहीत नाही. आपण शोधू."

दादा, एक मोठं माणूस "माहीत नाही" म्हणालं आणि छत कोसळलं नाही. उलट ते खरंच शोधतायत, मलाही पुस्तकं काढून दिली. अजून पुरतं उत्तर नाही. फटीच्या टोकाशी काहीतरी होतं, हवेतल्या ओलाव्याचाही त्यात हात आहे, इथवर आलोय. शोधून झालं की तुला कळवीन. तुला त्याचं काही पडलं नसेल तरी कळवीन.

इथं लोक भांडतात पण फार छान. परवा सुतळीचं आणि एका मुलाचं वर्गात असं जुंपलं की मला वाटलं, आता जन्माचं वैर. तास संपला, तर दोघं एकाच बाकावर बसून एकाच पेल्यातून चहा. मी बघतच राहिले. आपल्याकडे भांडण म्हणजे बोलणं बंद. बाबा आणि काका शेवटपर्यंत बोलले नाहीत, कशावरून ते आईलाही धड आठवत नाही. मी सुतळीला विचारलं, "तुला राग नाही आला?" ती म्हणाली, "आला की. म्हणून तर भांडले. गप्प बसले असते तर रागाचं काय केलं असतं?"

रविवार वाईट असतो. सगळ्या मुली कुठं कुठं जातात, वसतिगृह रिकामं होतं. मी कपडे धुते, पुस्तक उघडते, खिडकीची काच पुसते. चार माणसांनी हाक मारावी असं नाव पडलंय, पण रविवारी हाक मारायला माणूस नसतं. मला इथं यायचं होतं आणि मी आले. तरी एकटं वाटतं. दोन्ही खरं आहे.

भांड ना माझ्याशी. चार शिव्या लिहून पाठव, चालतील.

पाचर


१९ नोव्हेंबर

दादा,

सुट्टीत घरी येऊन गेले. तू बघितलंस, म्हणजे बघितलं असावंस. कारण जेवताना तू भिंतीशी बोलत होतास.

"आई, तिला सांग, मीठ इकडे कर." मी समोर. मीठ माझ्या हाताशी. आई बिचारी म्हणते, "अगं, तो मीठ मागतोय." मी म्हणते, "आई, त्याला सांग, घे." असं आपण चार दिवस जेवलो. शेवटी आई म्हणाली, "मी काय टेलिफोन आहे?" मला हसू फुटलं. तुझ्याही ओठाचा कोपरा हलला, मी पकडला. पण तू लगेच पाणी प्यायलास.

माझी पत्रं कुठं आहेत ते आईला विचारलं. ती म्हणाली, "आलं की त्याच्या टेबलावर ठेवते. पुढचं मला माहीत नाही." बहुतेक काचा बांधायला वापरत असशील. जुना कागद कामालाच येतो.

निघताना तुला म्हटलं, "येते." तू म्हणालास, "काही नाही तिथं. नुसती बाकं झिजवायची." ते वाक्यसुद्धा माझ्याशी नव्हतं, दाराशी होतं. मी लहान होते तेव्हापासून तू हेच म्हणत आलायस. तू स्वतः याच कॉलेजात सहा महिने राहून परत आलास, तुला जमलं नाही, म्हणून माणसाने कॉलेजचा नाद करू नये, हे घरातलं पाठ झालेलं वाक्य. मी गाडीत सगळ्या वाटेने तेच ऐकत आले. खरंच काही नसेल तर? मी घर सोडून, आईला एकटी टाकून, तुझं बोलणं गमावून बाकं झिजवायला आले असेन तर?

उतरले तेव्हाही तेच कानात होतं. तुला हेच हवं असेल तर झालं तुझ्या मनासारखं.

पाचर


२७ नोव्हेंबर

दादा,

आज मी तुझ्यावर खूप रागावले आहे. आधी सांगून ठेवते.

प्रयोगशाळेत मागच्या भिंतीला एक जुनं कपाट आहे, सरकत्या काचांचं. त्यात बरण्या असतात. ते उघडायचं काम मामांचं, म्हणून मी कधी हात लावला नव्हता. आज मामा जिन्यावर होते, मॅडमना बरणी हवी होती, मी उठले. काच सरकवायला खाचेत बोट घातलं आणि हात तिथंच राहिला.

खाच तिरकी होती. तळाशी रुंद, वर निमुळती, अंगठा टेकेल अशी. सगळे काचवाले गोल खाच पाडतात. तिरकी फक्त आपल्या घरची. बाबांनी आईच्या हाताला सोयीची म्हणून सुरू केली, पुढं ती आपली खूणच झाली. मी दुसऱ्या काचेची खाच बघितली, ती गोल होती.

मामा आले. मी विचारलं, "ही काच कुणी बसवली?" मामा म्हणाले, "तुझ्यासारखाच एक होता. खूप वर्षं झाली. तोही कोपऱ्यावर ओरडायचा. पहिल्या दिवशी तू ओरडलीस ना, तेव्हा माझ्या हातातला पेला पडता पडता राहिला." मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?" ते म्हणाले, "तू विचारशील तेव्हा सांगू म्हटलं. लोकांच्या घरच्या गोष्टी. तुझा कोण तो?"

मी म्हटलं, माझा दादा.

मग मामा स्टूल ओढून बसले. कुणाकडून तरी कपाटाची काच फुटली तेव्हा तू म्हणे बाहेरून काच मागवू दिली नाहीस, स्वतः कापून, घासून बसवलीस. तू संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळेपर्यंत सूक्ष्मदर्शकाला चिकटलेला असायचास. मामांना तुझ्यासाठी थांबावं लागायचं, आणि तू त्यांना बोलावून बोलावून तळ्यातले किडे दाखवायचास. "असा आनंदी मुलगा मी बघितला नाही," असं म्हणाले. त्यांचेच शब्द आहेत, मी भर घातलेली नाही.

मग घरून निरोप आला. बाबा शिडीवरून पडले, उजवा हात गेला. मला एवढंच आठवतं की बाबांच्या हाताला पांढरं गुंडाळलेलं होतं आणि तू एकदम घरी होतास. तू या मामांना म्हणालास, "घरी सांगणार की मला जमत नव्हतं. नाहीतर म्हातारा जन्मभर स्वतःला दोष देत बसेल." असं म्हणून पिशवी उचलून गेलास.

तुला जमत नव्हतं म्हणे. आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. बाबा तर पाहुण्यांना सांगायचे, "याचं डोकं पुस्तकात चालत नाही, हात मात्र सोन्याचा आहे." तू शेजारी उभा राहून पुट्टी मळायचास. मी पण हसायची, तेव्हा मला काय कळत होतं? आता कळतंय.

मला वाटत होतं, तू मला अडवतोयस. "काही नाही तिथं" हे तू मला सांगत नव्हतास. तू रोज स्वतःला सांगत होतास, आणि मी उठून इथं आले आणि तुझं ते सांगणं मोडून टाकलं. म्हणून बोलत नाहीस का? का मला बघितलं की तुला ही खिडकी आठवते?

तू बाबांना सांभाळलंस ते बरोबर केलंस, त्याचा राग नाही. पण बाबा गेले, दोन वर्षं झाली. आता ते खोटं कुणासाठी जपतोयस? बाबांना नसतं सांगितलंस, मला सांगायचंस. मी तुझ्याबरोबर काचा धरल्यात. उलटी चालत गेले आहे, तुझ्या एका शब्दावर, मागं न बघता. तरी मला सांगावंसं वाटलं नाही?

आपल्यात रेघ मारलीस आणि तशीच ठेवलीस. आता कुठून फुटेल ते मला माहीत नाही.

मॅडमनी मला रडताना बघितलं. त्यांनी एक पट्टी पुढं केली आणि म्हणाल्या, "बघ, आज छान रंग चढलाय." बराच वेळ मला काहीच दिसलं नाही.

पाचर


२२ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रानंतर मुद्दामच लिहिलं नाही. म्हटलं, तू लिहितोस का बघू. तू जिंकलास.

परीक्षा झाल्या. बरे गुण आहेत, वनस्पतींत कमी, प्राण्यांत चांगले. वर्गापुढं उभं राहून बोलायचं होतं, मी काच का फुटते यावर बोलले. फळ्यावर चीर काढून दाखवली. शेवटी प्रश्न विचारले लोकांनी, एकाला मी सरळ म्हटलं, "माहीत नाही, शोधते." सर मागच्या बाकावर हसले.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. प्रयोगशाळेची ती मोठी खिडकी तडकली. मैदानातून चेंडू आला, खालच्या कोपऱ्यात लागला. पहिल्या दिवशी बोटभर चीर होती, आता ती आडवी निघाली आहे, रोज थोडी पुढं सरकते. कॉलेजचा नेहमीचा काचवाला येऊन गेला. म्हणाला, "एवढी अखंड काच आता कोण बसवतो? मध्ये दांडी घालू, दोन तुकडे बसवू." मॅडमचा चेहरा पडला. दांडीची सावली थेट टेबलावर पडेल. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "एक माणूस आहे. दुकानाचा नंबर माझ्याकडे जुना आहे, लागतो का बघतो."

नंबर लागला. तोच आहे ना आपला, बाबांच्या वेळचा. मामा बोलले तेव्हा मी शेजारी उभी होते. तू त्यांना म्हणालास, "मोठी कामं घेत नाही. धरायला माणूस नाही." मामा म्हणाले, "इथं आहे एक." पलीकडे कटर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग तू म्हणालास, "बघतो," आणि फोन ठेवलास.

मी तुला ये म्हणत नाही. खिडकीचं माप मामा कळवतील. मी फक्त एवढं लिहिते की चीर रोज पुढं जातेय.

पाचर


९ फेब्रुवारी

दादा,

तू गेल्यापासून मी हे पत्र मनात लिहितेय. तू तिथं होतास, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या बाजूने काय दिसलं ते तुला माहीत नाही.

आम्ही प्रयोगशाळेत होतो. मी पट्टी लावत होते. वऱ्हांड्यातून आवाज आला, "काच." वर्गात हसण्याची लाट उठली. सगळ्यांना वाटलं मीच. मग सुतळी मला बघून म्हणाली, "तू तर इथं आहेस. मग बाहेर कोण ओरडतंय?"

मी हातातली पट्टी खाली ठेवली. एवढंच मला आठवतं, पुढं मी दाराबाहेर होते.

तू वळणावर उभा होतास, भिंतीला काच टेकवून, गोणपाटात गुंडाळलेली. जिन्यावरून मामांनी आणि तू वर आणलेली. मामा धापा टाकत होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी पुढं झाले, दुसरं टोक धरलं.

दरवेळी उलटं मी चालायची. तू समोरून सांगायचास, मी पाय टाकायची. उलटं चालणाऱ्याने मागं वळून बघायचं नाही, हा नियम. या वेळी तू न विचारता उलट्या बाजूला गेलास. मला क्षणभर कळेचना. मग कळलं, आता सांगायचं मला आहे.

"चल," मी म्हटलं. तू पाय मागं टाकलास. "डावीकडे." तू डावीकडे. "उंबरा." पाय उचललास. "थांब. बाक आहे. उजवीकडे थोडं. अजून. बस." एवढ्या महिन्यांत आपण तेवढंच बोललो, आणि सगळं मीच बोलले. तू एकदाही मागं बघितलं नाहीस. काच जराही हलली नाही.

बसवताना सगळा वर्ग बघत होता. मला किती मिरवावंसं वाटलं ते तुला कळलं नसेल. काच बसली, तू चारी बाजूंनी पुट्टी ओढलीस, आणि उजेड परत टेबलावर आला, सावलीशिवाय.

मग मॅडम म्हणाल्या, "बघणार का?" आणि सूक्ष्मदर्शकाकडे हात केला. मला वाटलं, तू नाही म्हणशील. तू फडक्याला हात पुसलेस, बराच वेळ पुसलेस. मग वाकलास. कुणी सांगितलं नाही तरी चाक तूच फिरवलंस. आणि दादा, तू दोन्ही डोळे उघडे ठेवले होतेस.

मी तोंड फिरवून कपाटाकडे बघत राहिले. मामा नाक शिंकरायला बाहेर गेले. तू खूप वेळ वाकलेला होतास. कुणीच घाई केली नाही.

फाटकापर्यंत मी आले. तू गाडीवर रिकामं गोणपाट बांधत होतास. मला वाटलं, असाच जाणार. मी म्हटलं, "येते मी सुट्टीत." तू गाठ आवळलीस आणि म्हणालास, "पत्रं जरा मोठ्या अक्षरात लिहीत जा. टेबलावरचा दिवा मंद आहे." आणि गेलास.

मी तिथंच फाटकाशी बसले, दगडावर. येणारे जाणारे बघत होते. बघू देत.

संध्याकाळी खोली तशीच होती. सुतळीचा फोन आला, मी बाटली घेऊन बाहेर गेले. आज बाटली खरंच रिकामी होती. भरली आणि थोडा वेळ वऱ्हांड्यातच उभी राहिले. एकटं वाटायचं थांबलेलं नाही, तुला खोटं कशाला सांगू. पण आज तिथं उभं राहवलं.

हे सगळं मोठ्या अक्षरात लिहिलंय. कागद दुप्पट लागला.

दिसतंय का, ते कळव.

पाचर